अवकाशयानातील इलेक्ट्रॉनिकी : बिघाड गृहीत धरणारी रचना

सारांश

अवकाशात पाठविलेल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाला निर्वात, तापमानाचे तीव्र चढउतार आणि प्रारण या तीन प्रतिकूलतांना एकाच वेळी तोंड द्यावे लागते. शिवाय त्याची दुरुस्ती करण्याची सोय जवळजवळ नसते. अशा उपकरणाचे टिकणे केवळ महागड्या व मजबूत घटकांवर अवलंबून नसून संभाव्य बिघाडांचा आधीच केलेला विचार आणि त्या बिघाडांचे परस्परांपासूनचे स्वातंत्र्य यांवर अवलंबून असते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी अ‍ॅस्ट्रोसॅट, चांद्रयान-१, आयआरएनएसएस-१ए तसेच 'स्वयम्' व 'प्रथम' या महाराष्ट्रातील विद्यार्थी उपग्रहांची उदाहरणे घेतली असून महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने त्यांतून निघणारे निष्कर्ष मांडले आहेत.

बीजसंज्ञा : प्रारण, एकल कण घटना, राखीव व्यवस्था, त्रुटीशोधन, विद्यार्थी उपग्रह.

१. प्रस्तावना

विदर्भातील संत्र्याच्या बागांचे क्षेत्र, जलाशयांतील पाण्याचा विस्तार, जंगलाच्या आच्छादनातील घट किंवा जमिनीची प्रत यांविषयीचे नकाशे ज्या माहितीवरून तयार होतात, तिचा मोठा भाग उपग्रहांकडून येतो. या कामात नागपूर शहराचे स्थान विशेष आहे. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे मध्य विभागीय केंद्र आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो या तिन्ही संस्था याच शहरात आहेत. येथे संगणकाच्या पडद्यावर दिसणारी रिसोर्ससॅट मालिकेतील उपग्रहाची प्रतिमा सुमारे ८१७ किलोमीटर उंचीवरील संवेदकात जन्म घेते, यानातील चिप्समधून प्रवास करते, मेमरीत साठविली जाते आणि प्रक्षेपकामार्फत जमिनीवर येते. प्रतिमेचा अर्थ लावणाऱ्या अभ्यासकाला ही साखळी सहसा दिसत नाही. तिचे न दिसणे हेच तिच्या यशाचे लक्षण होय.

या साखळीतील एखादा भाग बिघडला तर तो बदलता येत नाही. हबल दुर्बिणीची दुरुस्ती १९९३ ते २००९ या काळात अंतराळवीरांनी पाच वेळा जाऊन केली, परंतु ती अपवादात्मक बाब होती. ज्या अंतराळयानाने ते शक्य झाले ती स्पेस शटलची सेवाही २०११ मध्ये बंद झाली. त्यामुळे 'बिघाड होऊ नये' एवढी अपेक्षा ठेवून अवकाशातील परिपथ रचता येत नाही. 'बिघाड होईल, तेव्हा काय घडेल?' या प्रश्नापासूनच रचनेला आरंभ करावा लागतो. जमिनीवरील इलेक्ट्रॉनिकी आणि अवकाशातील इलेक्ट्रॉनिकी यांतील मूलभूत फरक हा आहे.

२. निर्वात आणि तापमान

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, तेव्हा घरोघरी कूलर चालतात. पंखा बाहेरची कोरडी हवा ओल्या वाळ्यातून ओढतो, पाण्याचे बाष्पीभवन होते आणि हवा थंड होते. संगणकातील प्रोसेसरवरचा पंखा बाष्पीभवन घडवीत नाही, पण तापलेली हवा दूर सारण्याचे काम तोही करतो. या दोन्ही योजना हवेवाचून व्यर्थ आहेत. अवकाशात हवा नाही. म्हणून चिपमध्ये निर्माण झालेली उष्णता आधी धातूच्या पट्ट्यांतून व पेटीच्या भिंतीतून वहनाने बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत न्यावी लागते आणि तेथून ती केवळ उत्सर्जनाने बाहेर टाकावी लागते.

उत्सर्जनाला मर्यादा आहे. सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमानाचा आदर्श काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे साधारण ४६० वॅट उष्णता बाहेर टाकतो. दहा सेंटिमीटर बाजू असलेल्या लघुउपग्रहाच्या एका भिंतीचे क्षेत्रफळ याच्या शंभरावा भाग असते. म्हणजे त्या भिंतीतून जेमतेम साडेचार वॅट बाहेर जाऊ शकतात. दुसरीकडे सूर्याकडे तोंड केलेल्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे १३६० वॅट ऊर्जा पडत असते. या जमाखर्चाचा मेळ घालणे हे उष्णता-नियोजनाचे काम होय.

खरा ताण मात्र तापमानापेक्षा त्याच्या बदलाचा असतो. पृथ्वीजवळच्या कक्षेतील उपग्रह सुमारे दीड तासात एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. म्हणजे दिवसाला पंधरा-सोळा वेळा तो उन्हातून सावलीत व सावलीतून उन्हात जाऊ शकतो. वर्षभरात अशी पाच हजारांहून अधिक आवर्तने होतात. चिप, तिचे पाय, सोल्डरचा सांधा आणि छापील परिपथाची पाटी यांचे प्रसरणांक वेगवेगळे असल्याने प्रत्येक आवर्तनात सांध्यावर थोडा ताण येतो. तार पुन्हापुन्हा वाकविली की तुटते, त्याच न्यायाने सांध्यात सूक्ष्म भेगा पडतात. प्रक्षेपणाच्या वेळच्या तीव्र कंपनांनी आधीच दुबळा झालेला सांधा येथे लवकर निकामी होतो.

निर्वातात काही प्लॅस्टिक, गोंद व रंग यांतील बाष्पनशील द्रव्ये बाहेर पडतात आणि भिंगांवर किंवा सौरपट्ट्यांवर जाऊन बसतात. म्हणून अवकाशासाठी निवडलेल्या पदार्थाचे निर्वातातील वजन एक टक्क्याहून अधिक घटू नये आणि बाहेर पडलेल्या द्रव्यापैकी पुन्हा साचणारा भाग ०.१ टक्क्याहून अधिक नसावा, असा सर्वमान्य निकष आहे. शुद्ध कथिलाच्या मुलाम्यावर केसांसारखे बारीक धागे वाढतात आणि शेजारच्या दोन तारा जोडून टाकतात. त्यामुळे अवकाशकार्यात शिसेमिश्रित कथिलाला आजही पसंती दिली जाते.

थंडी हीदेखील तितकीच घातक ठरते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-३ च्या विक्रम व प्रज्ञान यांचे काम पृथ्वीवरील सुमारे १४ दिवसांच्या एका चांद्रदिवसापुरतेच योजले होते. चांद्ररात्री तापमान उणे दीडशे अंशांच्याही खाली जाते. सप्टेंबरच्या आरंभी दोन्ही उपकरणे निद्रावस्थेत ठेवण्यात आली. सूर्योदयानंतर ती जागी झाली नाहीत. नियोजित कार्य मात्र त्यापूर्वीच पूर्ण झाले होते. ज्या परिस्थितीसाठी रचना केलेली नाही तिच्यात उपकरण न टिकणे हे रचनेचे अपयश नव्हे. पुढील मोहिमांत रात्र काढायची असेल, तर उष्णतेचा स्वतंत्र स्रोत लागेल. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनविलेली किरणोत्सारी उष्णता-एकके चांद्रयान-३ च्या प्रणोदन कक्षावर प्रायोगिक स्वरूपात बसविण्यात आली होती, ती याच दिशेने.

३. प्रारणाचे परिणाम

प्रारणाचे तीन स्रोत मानले जातात : पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या प्रभारित कणांचे पट्टे, सूर्यावरील उद्रेकांतून येणारे कण आणि आकाशगंगेतून येणारे अतिऊर्जावान वैश्विक किरण. या धोक्याची पहिली ठळक जाणीव मानवनिर्मित कारणाने झाली. अमेरिकेने ९ जुलै १९६२ रोजी पॅसिफिक महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अण्वस्त्राचा स्फोट केला. दुसऱ्याच दिवशी सोडलेला टेलस्टार हा दळणवळण उपग्रह वाढलेल्या प्रारणात सापडला. त्याचे ट्रान्झिस्टर क्षीण होत गेले आणि फेब्रुवारी १९६३ मध्ये तो कायमचा बंद पडला.

टेलस्टारच्या बाबतीत घडले ते संचयी स्वरूपाचे नुकसान होय. ट्रान्झिस्टरमधील सिलिकॉन ऑक्साइडच्या पातळ थरात प्रारणामुळे प्रभार अडकून राहतो; तो साचत गेला की जो ट्रान्झिस्टर बंद असायला हवा तो किंचित चालू राहू लागतो. विद्युतप्रवाहाची गळती वाढते, गती मंदावते आणि अखेर चिप निकामी होते. ही झीज हळूहळू होते, त्यामुळे तिचा अंदाज बांधता येतो आणि पुरेशा जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीने ती बरीच कमीही करता येते.

दुसरा प्रकार एकल कण घटनेचा. एकच जड व वेगवान कण चिपमधून आरपार जातो आणि आपल्या मार्गावर प्रभाराची रेघ ओढतो. त्या प्रभारामुळे मेमरीतील शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होऊ शकतो. येथे चिपची हानी होत नाही. फक्त तिच्यातील माहिती खोटी होते. जमिनीवरही असे क्वचित घडते. बेल्जियममधील स्खारबेक येथे २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या खात्यात ४०९६ मते जादा नोंदली गेली. ही संख्या म्हणजे दोनाचा बारावा घात. द्विमान संख्येतील तेराव्या स्थानचा एकच बिट उलटला की नेमका एवढाच फरक पडतो. वैश्विक किरणामुळे हे घडले असावे, अशी शंका तेव्हा व्यक्त झाली. ती सिद्ध झालेली नाही. परंतु एका बिटाचे मोल त्या घटनेतून स्पष्ट होते. उपग्रहाच्या मेमरीतील बिट जर प्रतिमेचा असेल तर एक ठिपका चुकतो. तोच बिट इंजिन चालविण्याच्या आज्ञेचा असेल तर मोहीम संपू शकते.

तिसरा आणि अधिक भयावह प्रकार लॅच-अप या नावाने ओळखला जातो. आजच्या बहुतेक चिप्सच्या रचनेत अनाहूतपणे तयार झालेला एक चोरमार्ग असतो. कणाच्या आघाताने तो उघडला की विद्युतप्रवाह अनिर्बंध वाहू लागतो आणि वीजपुरवठा तत्काळ तोडला नाही तर चिप जळते. पेटी जाड करून हा धोका टळत नाही. वैश्विक किरणांतील सर्वांत ऊर्जावान कण काही मिलिमीटर धातूला जुमानत नाहीत. उलट जाड धातूवर आदळून ते दुय्यम कणांचा वर्षावही निर्माण करू शकतात. म्हणून संरक्षणाचा खरा भार परिपथाच्या रचनेवर येऊन पडतो.

४. अ‍ॅस्ट्रोसॅट : बचावाची सुरुवात कक्षेपासून

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेला अ‍ॅस्ट्रोसॅट हा भारताचा पहिला बहुतरंगलांबी खगोलीय उपग्रह. त्यावरील तीन क्ष-किरण उपकरणांच्या निर्मितीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा प्रमुख वाटा होता, तर पुण्याच्या आयुका या संस्थेकडे त्यांपैकी सीझेडटीआय या उपकरणाच्या माहितीचे केंद्र आहे. या उपग्रहाच्या रचनेत प्रारणाविरुद्धची तीन निरनिराळ्या पातळ्यांवरील तटबंदी दिसते.

पहिली पातळी कक्षेची. दक्षिण अटलांटिक महासागर व ब्राझील यांच्यावर पृथ्वीचा आतील प्रारणपट्टा बराच खाली उतरतो. या भागातून कमीत कमी जावे लागावे म्हणून अ‍ॅस्ट्रोसॅटला सुमारे ६५० किलोमीटर उंचीची आणि विषुववृत्ताशी केवळ ६ अंशांचा कल असलेली कक्षा देण्यात आली. श्रीहरिकोटा विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेतेरा अंशांहून अधिक अंतरावर असल्याने तेथून एवढ्या कमी कलाच्या कक्षेत जाण्यासाठी प्रक्षेपकाला जास्तीची ऊर्जा खर्चावी लागते. ती खर्चण्याचा निर्णय म्हणजेच इलेक्ट्रॉनिकीच्या संरक्षणाचा पहिला निर्णय होय. एकही चिप निवडण्यापूर्वीच तो घेतला गेला.

दुसरी पातळी जाणिवेची. कक्षा कितीही विचारपूर्वक निवडली तरी त्या प्रदेशाची कड ओलांडावीच लागते. त्यासाठी यानावर प्रभारित कणांची मोजणी करणारा एक छोटा मापक बसविला आहे. कणांची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की तो इतर उपकरणांना इशारा देतो आणि उच्च विद्युतदाबावर चालणारी उपकरणे सुरक्षित स्थितीत नेली जातात. धोका पृथ्वीवरील नियंत्रण कक्षाला कळावा आणि मग आज्ञा यावी, एवढी वाट पाहण्याची गरज राहत नाही.

तिसरी पातळी विभागणीची. लॅक्सपीसी हे उपकरण एकाच मोठ्या पेटीऐवजी तीन सारख्या पण स्वतंत्र एककांत बांधले आहे. २०१८ मध्ये या तीनपैकी दोन एककांचे वर्तन अनियमित झाले. तिसरे एकक काम करीत राहिले आणि त्याच्या आधारे निरीक्षणे चालू राहिली. पाच वर्षांचे आयुष्य गृहीत धरून पाठविलेल्या या उपग्रहाने सप्टेंबर २०२५ मध्ये दहा वर्षे पूर्ण केली.

५. परिपथाच्या पातळीवरील उपाय

घटकांची निवड हा पहिला उपाय. प्रारणरोधक म्हणून खास तयार केलेल्या चिप्स उपलब्ध आहेत. परंतु त्या अतिशय महाग, गतीने मंद आणि निर्यातबंधनांमुळे सहज न मिळणाऱ्या असतात. प्रक्षेपकांसाठी भारतात विकसित झालेला विक्रम-३२०१ हा ३२ बिटांचा प्रोसेसर मार्च २०२५ मध्ये इस्रोकडे सुपूर्द करण्यात आला. तो १८० नॅनोमीटर तंत्रावर घडविलेला आहे. भ्रमणध्वनीतील चिप्सच्या तुलनेत हे तंत्र कित्येक पिढ्या जुने आहे. पण मोठ्या ट्रान्झिस्टरमधील बिट उलटविण्यास सर्वसाधारणपणे अधिक प्रभार लागतो आणि जुन्या तंत्राचे दोषही पुरते माहीत झालेले असतात. अवकाशात नवेपणापेक्षा ओळखीला अधिक किंमत आहे.

दुसरा उपाय म्हणजे घटकावर त्याच्या क्षमतेहून बराच कमी भार टाकणे. पन्नास व्होल्टची क्षमता लिहिलेला धारित्र पंचवीस व्होल्टवर वापरला की त्याचे आयुष्य वाढते. तिसरा उपाय लॅच-अपविरुद्धचा : प्रत्येक विभागाच्या वीजपुरवठ्यावर पहारा ठेवून प्रवाह अचानक वाढताच तो क्षणार्धात तोडणे व थोड्या वेळाने पुन्हा देणे. घरातील एमसीबी हेच काम करते. मात्र येथे खटका पुन्हा वर करायला कोणी नसल्याने तेही परिपथालाच करावे लागते. चौथा उपाय वॉचडॉग टायमरचा. प्रोसेसरने ठरावीक अंतराने या घड्याळाला आपण शुद्धीवर असल्याची खूण द्यायची. ती खूण आली नाही की घड्याळ प्रोसेसरला नव्याने सुरू करते.

उलटलेला बिट शोधण्यासाठी रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेली संकेतपद्धती आजही पायाभूत आहे. तिच्यात माहितीच्या चार बिटांबरोबर तीन तपासणी-बिट साठविले जातात. प्रत्येक तपासणी-बिट काही ठरावीक बिटांच्या गटातील 'एक' या अंकांची संख्या सम की विषम याची नोंद ठेवतो. एखादा बिट उलटला की काही गटांची नोंद जुळत नाही. आणि कोणकोणते गट जुळत नाहीत यावरून चुकलेल्या बिटाचे स्थान नेमके कळते. स्थान कळले म्हणजे दुरुस्ती झाली, कारण द्विमान अंकाला चुकण्याचा एकच मार्ग असतो. मात्र एकाच शब्दात दोन बिट उलटले तर ही पद्धती फसते. म्हणून मेमरी पडून राहू न देता ठरावीक काळाने संपूर्ण वाचून काढून दुरुस्त केली जाते. पहिली चूक असतानाच दुसरी तिच्यावर येऊन पडू नये, हा त्यामागील हेतू.

६. राखीव व्यवस्था आणि स्वातंत्र्याचा प्रश्न

सर्वांत परिचित उपाय म्हणजे एकाच्या जागी तीन. तीन सारखे परिपथ तेच गणित करतात आणि बहुमताचे उत्तर ग्राह्य धरले जाते. एका परिपथाच्या अपयशाची शक्यता शंभरात एक असेल, तर तीनपैकी किमान दोन परिपथ अपयशी होण्याची शक्यता ०.०००२९८, म्हणजे दहा हजारांत सुमारे तीन एवढी उतरते. सुरक्षितता तेहतीसपटींहून अधिक वाढली, असे हे गणित सांगते.

या गणितात एक गृहीतक दडलेले आहे : तिन्ही परिपथांचे बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असतात. ते तसे नसतील तर काय होते, हेही मोजता येते. शंभरात एक या शक्यतेचा केवळ दहावा हिस्सा तिन्हींना एकदम ग्रासणाऱ्या समान कारणाचा आहे, असे मानू. ते कारण एकसारखे उत्पादन, एकच वीजवाहिनी किंवा एकच उष्णतेचा स्रोत असे काहीही असू शकते. त्या समान कारणाचीच शक्यता ०.००१ होते आणि एकूण अपयशाची शक्यता सुमारे ०.००१२४ वर जाते. कागदावर मिळालेल्या लाभाचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग तेवढ्याने पुसला जातो. शिवाय बहुमत मोजणारा परिपथ एकच असेल, तर तोही एकाकी दुबळा दुवा ठरतो.

ही केवळ पुस्तकी शंका नाही. १ जुलै २०१३ रोजी सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए या दिशादर्शन उपग्रहावर रुबिडियमची तीन अणुघड्याळे होती. काम एकाने भागणार होते; दोन राखीव होती. परदेशातून आणलेली ही घड्याळे एकाच बनावटीची होती. ती तिन्ही बंद पडल्याचे जानेवारी २०१७ मध्ये इस्रोने जाहीर केले. घड्याळाविना दिशादर्शन उपग्रह म्हणजे काट्याविना तराजू. त्याच्या जागी ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाठविलेला उपग्रह उष्णतारोधक कवच वेगळे न झाल्याने कक्षेत कार्यरत होऊ शकला नाही आणि १२ एप्रिल २०१८ रोजी आणखी एक उपग्रह सोडावा लागला. पुढे २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ वर प्रथमच स्वदेशी अणुघड्याळ बसविण्यात आले. राखीव घड्याळांची संख्या पुरेशी असणे आणि राखीव व्यवस्था पुरेशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या प्रसंगाचा बोध होय.

चांद्रयान-१ या मोहिमेतून त्याची दुसरी बाजू दिसते. २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेल्या या यानाला ताऱ्यांच्या आधारे दिशा ओळखता यावी म्हणून मुख्य व राखीव असे तारकासंवेदक दिले होते. २००९ च्या पूर्वार्धात ते दोन्ही निकामी झाले. तेव्हा नियंत्रकांनी जायरोस्कोप आणि अँटेनाच्या दिशेची माहिती यांची सांगड घालून यानाचा रोख ठरविण्याची पर्यायी रीत अवलंबिली आणि मोहीम पुढे चालू ठेवली. ही रीत टिकली, कारण ती ताऱ्यांवर अवलंबून नव्हती. तिचे तत्त्वच निराळे होते. २९ ऑगस्ट २००९ रोजी, ३१२ दिवसांनंतर, यानाशी संपर्क तुटला. दोन वर्षांची मोहीम अपुरी राहिली, तथापि तोवर तिची बहुतांश उद्दिष्टे साध्य झाली होती. सारखा जोडीदार देणे ही राखीव व्यवस्थेची पहिली पायरी. भिन्न जातीचा जोडीदार देणे ही पुढची.

७. विद्यार्थी उपग्रहांचा धडा

महागडे घटक परवडत नसतील तर महाविद्यालयाने या क्षेत्राचा विचारच करू नये काय? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील दोन संस्थांनी २०१६ मध्ये दिले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' हा सुमारे एक किलोग्रॅम वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून, तर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांचा सुमारे दहा किलोग्रॅम वजनाचा 'प्रथम' २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५ मधून कक्षेत गेला. 'प्रथम'चे उद्दिष्ट आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची मोजणी हे होते; 'स्वयम्'चे, हौशी रेडिओच्या माध्यमातून संदेशवहन. दोन्ही प्रकल्पांना कित्येक वर्षे लागली. विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या त्यांत आल्या आणि पदवी घेऊन बाहेर पडल्या.

'स्वयम्'मधील एक निर्णय विशेष अभ्यसनीय आहे. उपग्रहाचा रोख स्थिर ठेवण्यासाठी फिरती चाके, संवेदक व त्यांचे नियंत्रण करणारा परिपथ अशी सक्रिय व्यवस्था न घेता त्यात स्थायी चुंबकावर आधारित निष्क्रिय व्यवस्था वापरण्यात आली. होकायंत्राच्या सुईप्रमाणे उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला अनुसरतो. तिला वीज लागत नाही, आज्ञावली लागत नाही आणि प्रारणाने तिचा बिट उलटत नाही. जो परिपथ नाही, तो बिघडत नाही. अचूकता थोडी कमी मिळते. परंतु हाती घेतलेल्या कार्याला ती पुरेशी असेल, तर हा व्यवहार लाभाचा ठरतो.

त्यानंतर महाविद्यालयांसाठी आणखी एक मार्ग खुला झाला. काम संपलेल्या पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचा प्रयोगमंच म्हणून वापर करण्याची 'पोएम' ही योजना इस्रोने २०२२ पासून राबविली. मुंबईच्या के. जे. सोमय्या तंत्रज्ञान संस्थेचे 'बिलीफसॅट-०' हे उपकरण १ जानेवारी २०२४ रोजी, तर पुण्याच्या एमआयटी विश्वशांती विद्यापीठाचे उपकरण ३० डिसेंबर २०२४ रोजी अशा मंचावरून अवकाशात गेले. संपूर्ण उपग्रह न बांधता केवळ आपले उपकरण टिकाऊ करण्यावर लक्ष केंद्रित करणे यामुळे शक्य झाले.

८. महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने

अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांत वर्षअखेरचा प्रकल्प बहुधा एकदा चालवून दाखविला जातो. परीक्षकांसमोर दिवा लागला, पडद्यावर आकडा उमटला की गुण मिळतात. उपकरण दुसऱ्या दिवशी चालेल काय, उन्हात चालेल काय, एक तार सुटली तर ते काय करील, हे प्रश्न विचारले जात नाहीत. या पद्धतीने शिकलेला विद्यार्थी उत्तम परिपथ रचू शकेल. त्याच्या बिघाडाचा विचार करण्याची सवय मात्र त्याला लागणार नाही. ही उणीव केवळ अवकाशक्षेत्रापुरती मर्यादित नाही. रुग्णालयातील उपकरण, रेल्वेची संकेतव्यवस्था किंवा विदर्भाच्या उन्हात शेतात उभा असलेला सौरपंपाचा नियंत्रक यांनाही तिची झळ पोचते.

ती भरून काढण्यास मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. पहिला अभ्यास बिघाडांच्या तक्त्याचा : प्रत्येक घटक कोणकोणत्या रीतीने बिघडू शकतो, त्याचा परिणाम काय होईल, तो कसा कळेल आणि त्यावर उपाय काय, हे चार रकान्यांत लिहिणे. दुसरा अभ्यास हेतुपुरस्सर दोष घालण्याचा : सूक्ष्मनियंत्रकाच्या मेमरीतील एखादा बिट आज्ञावलीद्वारे मुद्दाम उलटवून उपकरण सावरते की नाही हे पाहणे. यासाठी प्रारणाचा स्रोत लागत नाही, साधा संगणक पुरतो. तिसरा अभ्यास तापमानाच्या आवर्तनांचा : नियंत्रित ओव्हन व शीतकपाट यांच्या साहाय्याने, दव साचणार नाही अशी दक्षता घेऊन, सोल्डरचे सांधे किती आवर्तने टिकतात हे नोंदविणे. राखीव व्यवस्थेचे गणित संख्याशास्त्र विभागाचे, निर्वातातील पदार्थांचे वर्तन रसायनशास्त्र विभागाचे आणि प्रारण भौतिकशास्त्र विभागाचे असल्याने हे काम स्वभावतःच आंतरविद्याशाखीय आहे. मूल्यमापनात 'उपकरण चालले' यासाठी असलेल्या गुणांपैकी काही गुण 'दोष घातल्यावरही उपकरण सावरले' यासाठी राखून ठेवता येतील.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. अवकाशातील प्रतिकूलता एकाच उपायाने जिंकता येत नाही. कक्षेच्या निवडीपासून एका बिटाच्या तपासणीपर्यंत संरक्षणाचे थर रचावे लागतात. प्रारणरोधक घटक उपयुक्त असले तरी ते विचाराला पर्याय ठरत नाहीत. राखीव भागांची संख्या वाढविल्याने मिळणारी सुरक्षितता त्या भागांच्या परस्परस्वातंत्र्याएवढीच खरी असते. आयआरएनएसएस-१ए ची तीन घड्याळे आणि चांद्रयान-१ ची पर्यायी दिशाव्यवस्था यांतील अंतर हेच दाखविते. आणि मर्यादित साधनांच्या संस्थेला साधी रचना, काटेकोर चाचणी व स्पष्ट उद्दिष्ट यांच्या बळावर या क्षेत्रात पाऊल टाकता येते, हे विद्यार्थी उपग्रहांनी दाखवून दिले आहे. नागपूरसारख्या, उपग्रहीय माहितीचा दररोज उपयोग करणाऱ्या शहरातील महाविद्यालयांनी त्या माहितीमागील उपकरणांचा हा विचार अभ्यासक्रमात आणला, तर त्याचा लाभ अवकाशात जाणाऱ्या थोड्या विद्यार्थ्यांपेक्षा जमिनीवर राहून लोकोपयोगी उपकरणे बनविणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना होईल.